तांब्याच्या तारेखाली

१

रोज सकाळी गळ-दोऱ्यांच्या दुकानाचं शटर वर जायच्या आधी तो डबी उघडायचा, आणि रोज सकाळी ती चहाचा कप घेऊन दाराशी घुटमळायची. बघायचं नाही असं ठरवूनही बघायची.

डबी औषधाच्या गोळ्यांची होती, पत्र्याची. आत जाड लोकरी कापडाचा तुकडा चिकटवलेला आणि त्यावर ओळीने किडे टोचलेले. खरे नव्हेत, बांधलेले. नदीच्या तळाशी दगडांना चिकटून राहणारा एक बारीक पाणकिडा असतो. महिनोन्महिने पाण्याखाली काढतो, मग एक दिवस वर येतो, त्याची पाठ उकलते, आतून पंखवाली माशी निघते आणि दिवस मावळेपर्यंत मरूनही जाते. थंड पाण्यातले ठिपकेवाले मासे त्याच्यासाठी जीव टाकतात. म्हणून बारक्या गळावर रानकोंबडीच्या पिसाचे चार तंतू गुंडाळायचे, वरून केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेढे द्यायचे, छातीपाशी जरा फुगवटा ठेवायचा, की झाला किडा. बांधायला याहून सोपं काही नाही, असं दुकानात येणारा प्रत्येक जण म्हणायचा.

तो डबीवरून बोट फिरवायचा, देवघरातली फुलं निवडावीत तसा. एक किडा उचलायचा आणि टोपीला टोचायचा. तो किडा नेहमी पहिलीने बांधलेला असायचा.

पहिली म्हणजे त्याची पहिली बायको. ती जाऊन काही वर्षं झाली होती. वरच्या अंगाला डोह आहे, तिथल्या मोठ्या दगडावरून पाय घसरला, असं सगळे म्हणत. दुकानाच्या भिंतीवर तिचा फोटो होता. गुडघाभर पाण्यात उभी, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, डाव्या हातात मासा उंच धरलेला. ती डावखुरी होती. तिने बांधलेल्या किड्यांवर तारेचे वेढेही डावीकडून असत, त्यामुळे ते ढिगातूनही ओळखू येत.

हिचे, म्हणजे दुसरीचे, किडे काउंटरवरच्या काचेच्या बरणीत. गिऱ्हाइकांसाठी.

हिला बाजारात सगळे रफूवाली म्हणत. लग्न होऊन या घरात आली त्याला दुसरं वर्ष लागलं होतं, तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. चाळिशी ओलांडेपर्यंत तिने एका अरुंद दुकानात, खिडकीशी मान वाकवून, लोकांच्या कपड्यांची भोकं भरली. रफूचं कसब असं, की केलेलं काम दिसता कामा नये. गिऱ्हाईक कपडा उलटसुलट करून बघतं आणि म्हणतं, अहो, फाटलं होतं कुठे? तेच कौतुक. जन्मभर न दिसणारं काम केलं होतं. आता कुठे तिला वाटत होतं की आपलं काहीतरी दिसावं. निदान एका माणसाला.

नवरा वाईट नव्हता. तेच तर दुखणं होतं. तो हिचे किडेही पाण्यात टाकून बघायचा, रिकामा परत यायचा आणि म्हणायचा, पाणी गढूळ होतं, किडा छान आहे. एकदा तिला बरोबर घेऊन गेला होता आणि काठावर बसून शिकवलंही होतं.

“मासा ओढतो तेव्हा उशीर झालेला असतो,” तो म्हणाला होता. “त्याच्या आधी दोर क्षणभर थबकतो. बस, तेवढंच. थबकला की उचलायचं.”

हे तुम्हाला कोणी शिकवलं, असं तिने विचारलं. तो उठून दोर पुन्हा पाण्यात टाकायला गेला. मग तिनेही पुन्हा विचारलं नाही.

२

तिला वाटलं होतं, किती दिवस पुरतील? माशाचे दात करवतीसारखे असतात. दहा-बारा मासे लागले की पिसाचे तंतू तुटतात, तार सुटते, किडा फेकून द्यावा लागतो. गेलेल्या माणसाच्या हातचं लोणचंसुद्धा कधीतरी बरणीच्या तळाला लागतं. डबी रिकामी होईल त्या दिवशी त्याला बरणीत हात घालावाच लागेल. ती त्या दिवसाची वाट बघत होती, आणि अशी वाट बघण्याची तिला लाजही वाटत होती.

पण डबी रिकामी होईना. एकही किडा झिजेना.

ती कापड जाणणारी बाई. कोपर घासतं, कॉलर विरते, उत्तमातलं उत्तम सूत एक दिवस हात टेकतं. न झिजणारी वस्तू तिने आयुष्यात पाहिली नव्हती. एका दुपारी नवरा माल आणायला गेला होता. तिने काउंटरमागच्या स्टुलावर बसून डबी उघडली आणि भिंग धरून एकेक किडा पाहिला. कित्येक माशांच्या तोंडातून आलेले ते किडे काल बांधल्यासारखे होते. तंतू जागच्या जागी. तार चकचकीत. आणि बोटांना ते ओलसर लागत होते, जरी डबी आठवडाभर उन्हाच्या खिडकीत होती.

फोटोतली बाई डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होती. बघ बघ, तिला जणू म्हणत होती, हात लावून बघ.

“बघतेच,” रफूवाली मोठ्याने म्हणाली, आणि दाराकडे वळून कोणी ऐकलं नाही ना याची खात्री करून घेतली.

किडा बांधायचं टेबल आतल्या खोलीत, खिडकीशी होतं. टेबलाच्या कडेला गळ पकडायचा छोटा लोखंडी चिमटा बसवलेला. तिने एक किडा त्यात धरला, ब्लेडने डोक्याची गाठ कापली आणि उसवायला घेतला. दुसऱ्याचं काम समजून घ्यायचं तर ते उसवावं, हे तिच्या उस्तादांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. तार उलट्या दिशेने सुटत गेली. मग पिसाचे तंतू. मग साधा दोरा. त्याखाली नुसता गळ असायला हवा होता.

त्याखाली केस होता.

माणसाचा. गडद तपकिरी, खिडकीच्या उजेडात तांबूस. तिने चिमटीत धरून ओढला, तो सुटत आला, अजून आला. नखाएवढ्या त्या किड्याच्या पोटातून हातभर केस निघाला. त्याला सगळीकडे बारीक बारीक मोड पडले होते. तारेखाली दबून पडले असतील, असं तिने मनाला सांगितलं. केस ओला होता. त्याचं मात्र मनाला काही सांगता आलं नाही.

मग तिला हळूहळू राग आला. म्हणजे हे होतं होय गुपित. बाईने स्वतःचा केस घातला होता. नवऱ्याच्या गळावर स्वतःला बांधून ठेवलं होतं, आणि म्हणून गेली तरी जात नव्हती.

रफूत एक नियम आहे: ज्याचं कापड, त्याचाच धागा. बाजारातलं सूत कितीही जुळवलं तरी उन्हात वेगळं दिसतं. म्हणून आतल्या दुमडीतून त्याच कपड्याचे धागे काढायचे आणि त्यानेच भोक भरायचं. पहिलीला हे कोणी शिकवलं असेल? की तिला ते आपोआपच कळलं असेल?

तिने वेणी पुढे घेतली.

तिचे केस अजून चांगले होते. लांब, सरळ, गडद तपकिरी. एकदा तिने ते कामातही वापरले होते. नवऱ्याची आणि तिची ओळखच त्यातून झाली म्हणा ना. तेव्हा तो नवरा नव्हता, नुसतं एक गिऱ्हाईक होता; गळ मागे फेकताना स्वतःच्याच खांद्यात अडकवून घेणारं, आणि तपकिरी कोटाला चांगलं बोटभर भोक पाडून आणणारं. मासा मोठा होता वाटतं, असं तिने त्याला विचारलं होतं आणि तो लाजून हसला होता. कोटाची दुमडी आधीच कोणीतरी कापून टाकलेली, धागा काढायला जागा नाही. रंग तर असा, की बाजारात मिळता मिळेना. मग तिने वेणीतले चिमूटभर केस उपटून सुईत ओवले. उस्ताद म्हणायचे, डोकं बांधून बसावं, आपला केस परक्या कापडात जाऊ देऊ नये. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. काम इतकं बेमालूम झालं की तिला स्वतःला दिसेना. मनात काही नव्हतं तिच्या. त्याला बायको आहे हे तिला ठाऊक होतं.

पुढे किती तरी दिवसांनी तो एकटा झाल्यावर परत आला. हातात कपडा नव्हता. म्हणाला, काय सांगू, पाय आपोआप इकडे वळले.

३

तिने बांधलेला किडा तिने त्याच डबीत, उसवलेल्याच्या रिकाम्या जागी टोचून ठेवला. आत तिचा केस, वरून पीस, वरून तार. वाद घालायचा नव्हता तिला. बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्याशी कांदा चिरत होती. नवरा नदीवर गेला होता. आणि अचानक तिच्या टाळूत कळ आली. कोणीतरी एकच केस बोटात धरून हळूच खेचावा, सोडावा, आणि पुन्हा जोराने खेचावा तशी. सुरी हातातून ओट्यावर पडली.

कळ तशी नवी नव्हती. रफूच्या दुकानातही वर्षानुवर्षं सकाळच्या वेळी अशीच यायची, फक्त बारीक. मान वाकवून बसल्याने होतं, असं शेजारचा शिंपी म्हणायचा, आणि ती ते धरून चालली होती. तेल चोळलं की जायची.

नवरा आला तो ओल्या बुटांनिशीच स्वयंपाकघरात. एवढा मोठा मासा या पाण्यात कधी कोणी पाहिला नव्हता. त्याच्या मागे एक म्हातारा गिऱ्हाईक होता. तासन् तास एका पायावर पाण्यात उभा राहतो म्हणून सगळे त्याला बगळा म्हणत. पेपर वाचणाऱ्याने मथळा वाचावा तसं त्याने माशाचं वजन सांगितलं. नवरा माशाच्या तोंडातून काढलेला किडा उजेडात धरून बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिला त्याच्याकडे बघवेना.

“हात होता तिचा,” तो हळूच म्हणाला. “अजून तसाच आहे.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते कांद्याचं, असं कोणीही म्हटलं असतं.

“तिचा नाही तो,” ती म्हणाली. “माझा आहे.”

नवऱ्याला आधी खरं वाटेना. मग पटलं, आणि मग तो हसला. ते हसू तिच्यासाठी होतं, सबंध, कोणाशी वाटून न घेतलेलं. लग्न झाल्यापासून ती ज्यासाठी जळत होती ते तिला तिथे, ओट्यापाशी, कांद्याच्या वासात मिळालं. तो बगळ्याला म्हणाला, ऐकलं का, माझ्या बायकोने बांधलाय. माझ्या बायकोने.

बगळ्याने किडा हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला.

“वहिनी, तुम्ही डावखुऱ्या कधीपासून झालात?” त्याने विचारलं. “वेढे डावीकडून आहेत.”

तिने पाहिलं. होते खरे. ती उजव्या हाताने जेवायची, उजव्या हाताने सुई धरायची, आणि वेढेही उजव्याच हाताने दिले होते, तिला चांगलं आठवत होतं. पण रफूवाल्याचा हात माकडासारखा असतो, समोर जे दिसेल त्याची नक्कल करतो. तसंच झालं असेल. ती तसं म्हणाली आणि तिघंही हसली.

जाताना बगळा म्हणाला, लोक समजतात मासा भुकेने गळाला लागतो. भुकेचं काही खरं नाही. शेजारचा खाईल म्हणून लागतो.

४

पुढचे काही आठवडे तिच्या आयुष्यातले चांगले आठवडे होते. ती रोज बांधायची, नवरा रोज तिचा किडा टोपीला टोचायचा. पहिलीचे किडे डबीच्या कोपऱ्यात सरकले, आणि मग एक दिवस त्यांच्यावर झाकण घालून त्याने ती डबीच कपाटात ठेवली आणि नवी घेतली. तिने काही म्हटलं नाही. फक्त त्या दिवशी फोटोवरची धूळ पुसताना रुमाल जरा जोरात फिरवला.

टाळूतली कळ आता ती ओळखून असायची. एक हिसका म्हणजे एक मासा. पोळपाटावरचं काम अर्धवट टाकून ती हसायची आणि म्हणायची, लागला. त्याला कधी सांगितलं नाही. वेड लागलं म्हणाला असता. शिवाय हे सुख तिचं एकटीचं होतं; नदी अर्धा मैल लांब, आणि दोराचं एक टोक त्याच्या हातात तर दुसरं तिच्याकडे. पहिलीलाही असंच होत असेल का, हा विचार मनात आला की ती त्याला हुसकून लावायची.

मग एका सकाळी हिसका आला तो सुटलाच नाही.

नवरा लवकर परतला, तोंड उतरलेलं. डोहातल्या मोठ्या दगडाखाली किडा अडकला, ओढायला गेलो तर दोर तुटला, असं म्हणाला. “तुझा होता,” तो म्हणाला. “फार वाईट वाटलं बघ.” इतर कोणत्याही दिवशी या वाक्यावर तिने सबंध आठवडा काढला असता.

ती मान जराशी डावीकडे कलती करून ऐकत होती. सरळ ठेवली की दुखत होती.

कळ नव्हतीच ती आता. ओढ होती, मंद, चिवट. मासा असा ओढत नाही, मासा झटापट करतो. पाण्याचा प्रवाह असेल, तिने स्वतःला सांगितलं, दगडाखाली अडकलेला किडा प्रवाहात हलत असेल. हे सांगताना आपण काय कबूल करतो आहोत ते तिच्या लक्षात आलं आणि तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. असली कसली ओढ नि असला कसला किडा. मानेची शीर धरली होती. उद्या डॉक्टरकडे जायचं.

डॉक्टरांनी मान हलवून बघितली, पट्टा दिला. पट्टा लावूनही ती टेबलाशी बसली की खुर्ची हळूहळू खिडकीकडे, नदीच्या बाजूला, वळलेली असायची. फरशीवर खुर्चीच्या पायांचे ओरखडे उमटले.

तिसऱ्या दुपारी तिला त्या ओढीतली लय कळली. ती खिडकीशी बसून किडा बांधत होती. तारेचा वेढा, मग ताण. वेढा, मग ताण. हात चालत होते आणि टाळूही चालत होती, दोन्हींचा ठेका एकच. गंमत म्हणून तिने हात थांबवले.

टाळूतला ठेका थांबला नाही. ओढ, मग ढील. ओढ, मग ढील. सावकाश, एकसारखी, हात बसलेल्या माणसाची. आणि प्रत्येक वेळी जराशी डावीकडे.

कोणीतरी बांधत होतं.

५

तिने केस कापले. स्वयंपाकघरातल्या कात्रीने, आरशाशिवाय, मानेपर्यंत; मग तेही पुरेसं वाटेना म्हणून आणखी वर. वेणी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली. ओढ थांबली. खोलीत इतकी शांतता पसरली की नळाचा थेंब ऐकू यायला लागला. ती खुर्चीत बसून रडली, बरं वाटून.

तेवढ्यात नणंद आली. नवऱ्याची धाकटी बहीण, पलीकडच्या गल्लीत राहायची, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्यासारखी. पहिलीला ती वहिनी म्हणायची आणि हिला नवी वहिनी. दारातून आत येता येताच तिने कपाळाला हात लावला.

“अगं बाई. कोणाचा राग केसांवर काढलास?”

डोकं दुखत होतं, असं रफूवाली म्हणाली. नणंदेने चुकचुकून तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, चांगली कमरेपर्यंत वेणी होती. या घरात केसांचं सुखच नाही. वहिनीचे तर मुळातच आखूड, कुरळे, नारळाच्या शेंडीसारखे, विंचरायला घेतले की कंगवा मोडायचा. म्हणून तर ती कायम रुमालात असायची.

रफूवाली उठून चहाचं आधण ठेवायला गेली होती. ती तिथेच उभी राहिली.

तिच्या शिवणाच्या डब्यात, एका पुठ्ठ्यावर, उसवलेल्या किड्यातला तो केस गुंडाळून ठेवलेला होता. तो सरळ होता. मोड पडलेला, पण सरळ. आणि हातभर.

नणंद इकडे पिशवीतून काहीतरी काढत होती, बोलत होती. वहिनी गेल्यावर कपाट मीच आवरलं ना, तेव्हापासून हा माझ्याच ट्रंकेत पडून. म्हटलं, घरात रफूवाली असताना दादाने फाटका कोट का घालावा. जरा बघ बरं, होतंय का काही.

तपकिरी कोट होता. खांद्यावर बोटभर भोक.

“हे मी भरलं होतं,” रफूवाली म्हणाली.

नणंदेला ते माहीत नव्हतं. ती फक्त एवढं सांगत राहिली, की वहिनीला मेलीला शेवटी शेवटी या कोटाचं वेडच लागलं होतं. भिंग घेऊन खिडकीशी बसायची आणि खांदा उसवायची, सुईच्या टोकाने, एकेक धागा. दादाला कळू दिलं नाही. मी विचारलं, चांगला भरलेला खांदा उसवतेस कशाला, तर माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही.

“म्हणाली, यात कोणा बाईचा केस आहे.”

चहा उतू गेला. नणंदच धावली गॅस बंद करायला.

रफूवालीने पुठ्ठ्यावरचा केस सोडवून कोटाच्या भोकावर आडवा धरला. त्याचे मोड तारेचे नव्हतेच. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली, कापडाच्या विणीबरोबर तंतोतंत बसत होते. आपल्या हातची टीप कोणाला ओळखू येत नाही? ती जिच्यावर जळत होती ती बाई तिच्या आधीपासून तिच्यावर जळत होती. नाव माहीत नाही, तोंड पाहिलेलं नाही, नुसते कोटातले चिमूटभर केस. ते तिने फेकून दिले नाहीत. नीट उसवले, एकेका किड्यात तांब्याच्या तारेखाली घट्ट बांधले आणि रोज सकाळी एक किडा नवऱ्याच्या हातात दिला. आणि नवरा रोज सकाळी तो पाण्यात टाकत राहिला, बायको असताना आणि ती गेल्यावरही, आणि इकडे एका अरुंद दुकानात कोणीतरी टाळूला तेल चोळत राहिलं.

पाय आपोआप इकडे वळले, तो म्हणाला होता. तिला वाटलं होतं, आपण निवडले गेलो.

मानेपर्यंतही न उरलेल्या केसांच्या मुळाशी ओढ पुन्हा सुरू झाली.

६

दुपारचं ऊन होतं. नणंद चहा पीत बसली होती. आलेच मी, असं सांगून रफूवाली पायात चपला सरकवून निघाली. अंगावर घरातलीच साडी, हातात स्वयंपाकघरातली कात्री. वाटेत बगळा भेटला, तिच्या डोक्याकडे बघून काही विनोद करणार होता, पण केला नाही. बाजूला झाला.

डोहापाशी कोणी नव्हतं. वरच्या अंगाला, उथळ पाण्यात, नवरा उभा होता, पाठ इकडे. मान खाली घालून डबी उघडून बघत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तिच्या मनात आलंही. पण हाक मारून काय सांगायचं? त्याने वळून बघितलं असतं, आणि तिला आता त्याच्या बघण्याचा भरवसा राहिला नव्हता. बघणारा तो होता की त्यालाही कोणी बघायला लावत होतं?

मोठा दगड अर्धा पाण्यात होता, शेवाळलेला. ती त्यावर गुडघे टेकून बसली आणि ओणवी झाली.

आधी नुसतं आभाळ दिसलं. मग हिरवं पाणी. मग डोळे सरावले, आणि दगडाच्या पोटाखाली, जिथे उजेड संपतो तिथे, तांब्याची एक ठिणगी. तिचा किडा. तिने स्वतः बांधलेला, आपला केस आत घालून. तिला तो ओळखू आला आणि पहिल्यांदा मनात भीती नाही आली, दुसरंच काही आलं. माझा आहे तो. तुझ्याकडे काय करतोय?

किडा हलला. प्रवाहाने हलावा तसा नाही. कोणीतरी उजेडात बरं दिसावं म्हणून फिरवावा तसा. त्याच्या मागे काहीतरी पांढुरकं होतं, बोटांसारखं, ओल्या कपड्यासारखं, काय ते नीट सांगता येणार नाही. ते एका बाजूने वर यायचं, फिरायचं, ताण घ्यायचं. वेढा, मग ताण. डावीकडून. घाई नव्हती त्याला. आपल्या टेबलाशी, आपल्या खिडकीत बसल्यासारखं चाललं होतं.

मागे सरक, असं तिच्यातली शहाणी बाई म्हणत होती. घरी जा, नणंदेला सांग, रात्री नवऱ्याला सगळं सांग, हसतील तर हसू देत. कात्री दगडावर राहू दे. केस वाढतील. लोक याहून मोठी दुःखं विसरतात.

पण किडा पहिलीच्या हातात होता. आणि त्या किड्यावर पहिल्यांदा, सबंध आयुष्यात पहिल्यांदा, त्या माणसाने सगळ्यांदेखत म्हटलं होतं, माझ्या बायकोने बांधलाय.

“दे,” रफूवाली म्हणाली. “माझा आहे तो.”

तिने हात पाण्यात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. पाणी थंड होतं. बोटं पुरत नव्हती, थोडीशीच पुरत नव्हती, म्हणून ती आणखी पुढे झाली, आणि शेवाळावरचा गुडघा जरासा सरकला.

वर, उथळ पाण्यात, नवऱ्याने किडा निवडला होता.

टाळूतली ओढ क्षणभर थबकली.